आईच्या मेंदूतल्या फुग्याचं फ्लो सिम्युलेशन करून घेतलं, २८ हजार गेले, पाचपैकी साडेतीन स्टार

पहिलंच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि ज्या पोरीनं आमचं काम केलं ती चांगली होती, उगाच तिच्या डोक्याला ताप नको. सांगलीतली नाहीय कंपनी, बाहेरची आहे, सगळं ऑनलाइन चालतं. आणि मी डॉक्टर नाही. कुपवाड एमआयडीसीत पंपाच्या इंपेलरचं, म्हणजे आतल्या फिरत्या चाकाचं, डिझाईन करतो, बारा वर्षं झाली, पाणी कुठनं शिरतं, कुठं आपटतं, कुठं भोवरा करतं हे दिवसभर स्क्रीनवर बघायचं हाच धंदा. त्यामुळं हा रिव्ह्यू अर्ध्या जाणकाराचा समजा, उरलेला अर्धा घाबरलेल्या पोराचा.

झालं असं की दिवाळीनंतर आईला दोन-तीनदा चक्कर आली. मिरजेत दाखवलं, मिरज म्हणजे वॉन्लेस साहेबांनी मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून दवाखान्यांचंच गाव, आम्हा सांगलीकरांना डोकं दुखलं तरी पाय आपोआप तिकडंच वळतात. चक्कर कानामुळं होती, गोळ्यांनी गेली पण. पण एमआरआयमध्ये न शोधता भलतंच सापडलं. मानेतनं वर मेंदूत जाणारी डावीकडची मोठी धमनी, तिला मागच्या बाजूला जाणारी एक बारकी फांदी फुटते, बरोबर त्या फाट्यावर ६.४ मिमीचा फुगा. ॲन्युरिझम. मटारचा दाणा असतो ना, त्याच्यापेक्षा किंचित बारीक. आणि त्या फुग्याच्या अंगावर अजून एक पिटुकला टेंगूळ, त्याला ब्लेब म्हणतात म्हणे. मोठ्या माणसांत शंभरात साधारण तिघांच्या डोक्यात असा फुगा असतोय आणि बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा जरा जीवात जीव आला, पण ब्लेब म्हणल्यावर त्यांचा चेहरा जरा बदलला ते मी बघितलं.

एका डॉक्टरांचं म्हणणं सहा महिन्यांनी परत स्कॅन करू, बीपी सांभाळा. दुसऱ्यांचं म्हणणं कॉइल, म्हणजे बारीक तारेची वेटोळी, टाकून फुगा आतनं भरून घ्या, जांघेतनं वायर घालून करतात ते, कवटी उघडायची गरज नाही. दोघंही मोठे, दोघंही शांतपणे बोलणारे, आणि आम्ही मधे. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं की रक्ताच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करून देणारे लोक आहेत, भिंतीवर कुठं काय ताण येतोय ते दाखवतात, गरज आहे असं नाही, पण तुम्ही त्याच लाइनीतले आहात तर बघा. आता मला असं म्हणल्यावर मी गप्प बसणार होतो का!

फॉर्म भरला, पैसे भरले, आणि पहिली गंमत सीडीची. सीटी ॲन्जिओग्राफीची सीडी मिळाली होती, घरात एकाही लॅपटॉपला सीडी घालायला जागा नाही. शेवटी स्टँडजवळच्या एका जुन्या फोटो स्टुडिओवाल्याकडं जाऊन पेनड्राइव्हवर घेतली, त्यानं लग्नाचा अल्बम समजून विचारलं, "साहेब, किती कॉप्या काढू?" अपलोड केलं तर दुसऱ्या दिवशी मेल, यातले स्लाइस, म्हणजे स्कॅनचे काप, ३ मिमीचे आहेत, आम्हाला १ मिमीच्या आतले पाहिजेत. बरोबरच होतं त्यांचं, ६ मिमीचा फुगा ३ मिमीच्या कापात म्हणजे दोन काप, त्यातनं आकार काय घंटा कळणार. पण हे फॉर्मवर आधी लिहायला काय झालं होतं? सेंटरवर परत गेलो तर टेक्निशियन म्हणला, बारीक स्लाइस मशीनवर थोडेच दिवस ठेवतो, नंतर उडतात, तुमचं नशीब अजून आहे. ०.६२५ मिमीचे काढून दिले. ज्याला कुणाला हे करून घ्यायचंय त्यानं स्कॅनच्या दिवशीच काउंटरवर सांगा की पातळ स्लाइस पण सीडीवर टाका. एवढं एक वाक्य मला कुणी सांगितलं असतं तर माझ्या मिरजेच्या दोन चकरा वाचल्या असत्या.

पाच दिवसांत रिपोर्ट म्हणले होते, अकराव्या दिवशी आला. चौदा पानं, सगळी रंगीत. आईनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "माझ्या डोक्यात व्हय रं एवढी रंगपंचमी?"

आता हे नेमकं काय करतात ते सांगतो, कारण रिपोर्टमध्ये धड कुठंच सांगितलेलं नाही. स्कॅनमधनं धमनीचा आणि फुग्याचा आतला आकार कोरून काढतात. तो पोकळ आकार लाखो बारक्या तुकड्यांनी भरतात, भिंतीजवळ अजून बारीक थर देतात, आणि मग प्रत्येक तुकड्यात प्रवाहाची नेविअर-स्टोक्सची समीकरणं सोडवतात, तीच जी मी पंपाला वापरतो. हृदयाचा एक ठोका, दुसरा ठोका, तिसरा ठोका, असं चालवून शेवटच्या ठोक्याचा हिशोब घेतात. मला गंमत वाटली ती रेनॉल्ड्स नंबरची, प्रवाह सरळ चालतो की खळखळतो ते सांगणारा आकडा. आमच्या पंपात तो आकडा लाखांत असतो, नुसता खळखळाट. इथं मी मांडून बघितला, धमनी साडेचार मिमी, प्रवाह सेकंदाला ४ मिली, रक्ताची घनता घनमीटरला १०५५ किलो धरली, तर आला साधारण ३४०. म्हणजे अगदी शहाण्या मुलासारखा एका लाइनीत चालणारा प्रवाह. मला वाटलं मग यात काय एवढं, आपण पण घरी करू शकतो. सॉफ्टवेअर फुकट मिळतात, ओपनफोम आहे, सिमव्हॅस्क्युलर आहे. पण ते नंतर.

मुख्य आकडा असतो वॉल शिअर स्ट्रेस, म्हणजे वाहतं रक्त भिंतीला किती घासून जातं तो. आणि इथं मी पहिल्यांदा हसलो. तंदुरुस्त धमनीत तो असतो एक ते सात पास्कल, पास्कल म्हणजे दाब-ताण मोजायचं माप. आईचं बीपी १५० धरा, ते झालं वीस हजार पास्कल. म्हणलं वीस हजाराच्या दाबापुढं दोन पास्कलच्या घासण्यानं भिंत फाटणार होय? इंपेलर झिजतो तो वाळूनं, नुसत्या पाण्याच्या चोळण्यानं नाही. दोन दिवस मी ह्याच तोऱ्यात होतो. मग वाचत बसल्यावर टाळक्यात प्रकाश पडला की घासण्यानं भिंत फाटतच नाही मुळी. धमनीच्या आतनं पेशींचं एक पातळ अस्तर असतं आणि त्या पेशींना हे घासणं कळतं. कळतं म्हणजे त्या त्यावर वागतात. नेहमीसारखं रक्त सरसर गेलं की खुश, भिंत धड ठेवतात. धारच अंगावर आपटायला लागली, घासणं फार वाढलं, तर भिंतीतले धरून ठेवणारे धागे विरघळायला लागतात आणि भिंत पातळ होत जाते. उलट रक्त नुसतं साचून रेंगाळलं, मागं-पुढं हेलकावत बसलं, तर त्या पेशी आजारी पडतात, सूज येते, भिंतीत चरबी-बिरबी साठते, ती जाड पण खराब होते. फाडायचं काम दाबच करतो, पण भिंत कुठं कच्ची पडणार हे घासणं ठरवतं.

सांगलीजवळ हरिपूरला संगमावर उभं राहिलात तर हेच आहे की. वारणेचं पाणी येऊन कृष्णेला भिडतं तिथं एक काठ तुटत जातो, आणि जिथं पाणी आडोशाला गरगरतं तिथं गाळ बसतो, कचरा अडकतो, वास मारतो. २०१९ च्या पुरानंतर ज्यांनी नदीकाठ बघितलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण नदीला पेशी नसतात, त्यामुळं हे उदाहरण इथंच सोडतो.

तर आईच्या रिपोर्टात दोन्ही निघालं. धमनीतनं येणारी धार फुग्याच्या तोंडाच्या पलीकडच्या ओठावर सरळ आपटतेय, तिथं लालभडक, १२.४ पास्कल. आणि वरच्या त्या ब्लेबमध्ये गडद निळं, ०.३ पास्कल, म्हणजे रक्त जवळजवळ उभंच. आई निळं बघून म्हणाली, "हे बरं आहे, इथं शांत आहे." तिला कसं सांगायचं की तिथलं शांत असणं बरं नाही. आणि हाच रिपोर्टचा मला सगळ्यात मोठा दोष वाटतो, लाल म्हणजे धोका आणि निळं म्हणजे ठीक हे साध्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, इथं दोन्ही टोकं वाईट आणि मधला हिरवा-पिवळा बरा. चौदा पानांत एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं!

दुसरा दोष मी नसतो तर कुणाला दिसला नसता. पान ६ आणि पान ७ वर तोच फुगा दोन बाजूंनी दाखवलाय. पान ६ वर लाल म्हणजे १२, पान ७ वर लाल म्हणजे ५. रंगांचं स्केल सॉफ्टवेअरनं आपोआप घेतलंय, कुणी बघितलं नाही. म्हणजे मागची बाजू पण भडकलेली दिसते, आणि ती तशी नाहीच. मला रात्री अकरा वाजता हे दिसलं, त्याआधी दोन तास मी मागच्या बाजूला दुसरी धार शोधत बसलो होतो. आमच्या कंपनीत ट्रेनी पोरानं असं केलं तर त्याला मी तिथल्या तिथं परत पाठवतो.

फोन लावला. इथून पुढं मात्र सर्व्हिस चांगली. ॲनॅलिस्ट म्हणून एक मुलगी होती, पंचविशीतली असेल, मराठी बोलणारी. स्केलची चूक लगेच मान्य केली, "सर, सॉरी, ते माझंच चुकलं, बदलून पाठवते," कुठं आढेवेढे नाहीत. मग मी खोदायला लागलो. आत येणारा प्रवाह कुठला घेतला? म्हणाली, प्रकाशित अभ्यासातला सरासरी घेतलाय, सेकंदाला ४ मिली. म्हणजे आईचा नाही? "नाही सर, पेशंटचा कुणी मोजून पाठवत नाही." भिंत? कडक धरलीय, हलत नाही. मग बीपी फॉर्मवर का भरून घेतलं? जरा थांबली आणि हसली. कारण भिंत कडक आणि प्रवाह ठरलेला म्हणल्यावर बीपी १२० असो की १८०, घासण्याच्या आकड्यात दमडीचा फरक पडत नाही, हे तिलाही माहीत आणि मलाही. म्हणजे जो दाब शेवटी भिंत फाडणार तोच हिशोबात नाही. आणि तो घ्यायचा म्हणलं तरी भिंत किती जाड आहे ते पाहिजे, ती मिलिमीटरच्या काही दशांशाइतकी असते, सीटीत दिसतच नाही. सीटीत रक्ताची पोकळी दिसते, भिंत नाही. भिंतीचं म्हणून एक वेगळं एमआरआय असतं, रक्त काळं करून भिंत दाखवतात आणि सुजलेली भिंत औषधानं उजळते, पण तेही जाडी मोजून देत नाही.

मी विचारलं, मग फुटेल की नाही हे तुम्ही सांगता का? "नाही सर. आम्ही कधीच सांगत नाही. कुणी सांगत असेल तर घेऊ नका." ह्या एका वाक्याला मी एक स्टार दिलाय.

कारण ह्या विषयात शास्त्रज्ञांचंच एकमत नाहीय. २०११ च्या सुमाराला एका गटाला फुटलेल्या फुग्यांमध्ये घासणं कमी दिसलं, दुसऱ्या गटाला बारीक जोरदार धार आणि घासणं जास्त दिसलं, दोन्हीकडं शंभराच्या वर फुगे तपासलेले. २०१२ मध्ये डेव्हिड कॉल्म्स नावाच्या न्यूरोरेडिओलॉजिस्टनं वैतागून लिहिलं की ह्या सीएफडीचा (कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स, म्हणजे हेच प्रवाहाचं सिम्युलेशन) अर्थ कन्फाउंडिंग फॅक्टर डिसेमिनेशन तर नाही ना, म्हणजे गोंधळ वाटायचं खातं. मला ते वाचून फार बरं वाटलं, आमच्याकडं पण डिझाईन मीटिंगमध्ये असंच चालतं. मग २०१४ ला हुई मेंग आणि मंडळींनी तोडगा मांडला की दोन्ही खरं असू शकतं, एक रस्ता जास्त घासण्याचा, त्यातनं लहान पातळ भिंतीचे फुगे, दुसरा कमी घासण्याचा आणि सुजेचा, त्यातनं मोठे जाड भिंतीचे. ऑपरेशनच्या वेळी सर्जनला उघड्यावर दिसतं म्हणे, फुग्याची भिंत कुठं लालसर आणि इतकी पातळ की आतलं रक्त फिरताना दिसतं, कुठं पिवळट पांढरी जाड. ते बघून सिम्युलेशनशी ताडून बघतात, तिथंही कुणाला पातळ जागा कमी घासण्याच्या जागी सापडते, कुणाला धार आपटते तिथं. हृदयाच्या धमन्यांचं बघा, स्कॅनवरून प्रवाहाचा हिशोब करून देणाऱ्या हार्टफ्लोच्या पद्धतीला अमेरिकेच्या एफडीएनं २०१४ लाच परवानगी दिली, तिथं प्रश्न सोपा आहे, चोंदलेली नळी प्रवाह किती अडवतेय. मेंदूतल्या फुग्याला प्रश्न वेगळा, भिंत कधी दगा देईल, आणि भिंत तर दिसत नाही.

आता आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा ते मी कागदावर करून बघितलं, कुणीही करू शकतं. सरळ नळीत घासणं हे व्यासाच्या घनाच्या उलट जातं. साडेचार मिमीची धमनी धरली तर आलं १.५६ पास्कल. तीच ४ मिमी धरली तर २.२३. अर्ध्या मिलिमीटरनं चाळीस टक्क्यांच्या वर फरक! आणि ०.६२५ च्या स्लाइसमध्ये कड कुठं धरायची हे माउस धरणाऱ्या माणसावर आहे, अर्धा मिमी इकडं-तिकडं व्हायला काय लागतं? त्यामुळं रिपोर्टमध्ये १२.४ असं दशांशासकट लिहिलेलं बघितलं की मला हसू येतं. बारा लिहा, साधारण बारा लिहा.

मी अजून एक उद्योग केला. मानेच्या धमनीची डॉपलर सोनोग्राफी करून घेतली, आणि सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना मेंदूकडं जाणाऱ्या त्याच डाव्या धमनीतला प्रवाह मोजून द्यायला सांगितला. ते बघतच राहिले माझ्याकडं, नुसतं चोंदलंय का ते विचारायला लोक येतात. पण मोजला, सेकंदाला ३.२ मिली. तो पाठवून परत चालवायला सांगितलं, त्याचे अजून ६ हजार घेतले. फुकट करायला पाहिजे होतं माझ्या मते, कारण हा आकडा त्यांनीच आधी मागायला हवा होता. आणि ज्यांना वाटतंय ओपनफोमवर घरी करू, मी चार रात्री बसलो, फुग्याच्या तोंडाशी मेश, म्हणजे ते बारक्या तुकड्यांचं जाळं, सारखं फाटत होतं, आणि जमलं असतं तरी आईच्या डोक्याचा निर्णय मी माझ्या लॅपटॉपवरनं घेणार होतो का. पैसे भरले गुपचूप.

डॉक्टरांनी रिपोर्ट किती वेळ बघितला? चार मिनिटं, मी मोजली. ब्लेबवर पेन ठेवून म्हणाले, हा टेंगूळ आहे म्हणूनच मी कॉइलचं म्हणत होतो, तुमच्या निळ्या रंगानं माझं मत ना बदललं ना ठरलं. जागा, आकार, टेंगूळ, बीपी, वय, घरात कुणाला झालंय का, हे आधी. मग पान पालटून फुग्याच्या तोंडाशी आले, पलीकडचा ओठ, धार आपटते ती जागा, तिथं मात्र थांबले. म्हणाले, इथली आजूबाजूची भिंत पण मला आता नीट बघायची आहे, नुसता फुगा भरून ही धार थांबणार नाही, कदाचित तोंडावर जाळीची नळी टाकावी लागेल, धार सरळ पुढं निघून जाईल अशी. फ्लो डायव्हर्टर म्हणतात त्याला. म्हणजे २८ हजाराचं काम झालं ते फुगा फुटणार का ह्या प्रश्नावर नाही, तर शेजारच्या भिंतीवर. ते मला पटलं. पंपात पण तडा गेलेल्या जागेपेक्षा तिच्या शेजारी काय चाललंय ते आधी बघावं लागतं.

स्टारचा हिशोब असा, फॉर्म आणि वेळ यासाठी एक स्टार कापला, रंगांचा अर्थ न लिहिल्याबद्दल अर्धा. स्केलच्या चुकीचा कापणार होतो, पण मान्य केली म्हणून सोडला. घ्यावं का? दोन डॉक्टरांत एकमत नसेल आणि खिशात असतील तर घ्या, नाहीतर त्या पैशात बीपीचं चांगलं मशीन आणून रोज वहीत लिहा. आणि अचानक आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं, किंवा एका डोळ्याची पापणी खाली पडली, तर रिपोर्ट बिपोर्ट सोडून गाडी काढा.

ता.क.: दुसरा रिपोर्ट रविवारी रात्री आला. आईच्या स्वतःच्या प्रवाहावर लाल जागा १२ वरून ९ वर आली, ब्लेब मात्र तसाच निळा. दोन्ही पानांवर स्केल एकच आहे, मी पहिलं तेच तपासलं. जाळीच्या नळीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीय. आई त्या दिवशी एकादशी आहे का बघतेय.